मेंढीची चकती

माझा भाऊ एबल पार्डो ठसे कोरायचा. आमच्या बर्मिंगहॅममध्ये बटणं करणारे गल्लोगल्ली सापडतील, पण पोलादावर उलटं चित्र असं कोरायचं की तांब्यावर उमटल्यावर ते जिवंत वाटावं, हे काम येणारे बोटांवर मोजण्याइतके. एबल त्यांतला एक. मी त्याची धाकटी बहीण, थर्झा. आई गेल्यावर त्यानंच मला वाढवलं, आणि त्यानंच बॅग्नॉल मालकांच्या कारखान्यात दाबयंत्रावर लावून दिलं. तो कोरायचा, मी ठोकायची. डाव्या हातानं कोरी चकती ठशावर ठेवायची, उजव्या हातानं दांडा फिरवायचा, छापलेली उडवायची, की दुसरी. बोट मधे राहिलं तर बोट गेलं. माझी दहाही शाबूत आहेत.

राजाची तांब्याची नाणी तेव्हा औषधालाही मिळत नव्हती. जी होती ती झिजून गुळगुळीत, त्यातली निम्मी खोटी. मग पगार द्यायचा कशात आणि पाव घ्यायचा कशावर? म्हणून ज्याच्याकडे तांबं आणि यंत्र, तो आपापल्या अर्ध्या पेनीच्या चकत्या पाडायचा. कुणी त्यावर आपलं दुकान काढायचं, कुणी गावचा पूल. तिकडे फ्रान्समध्ये लोकांनी राजाचं डोकं उडवलं आणि इकडे चकत्याही भांडायला लागल्या. एक म्हणायची राजा चिरायू होवो, दुसरी म्हणायची सगळी माणसं सारखी. पाववाला दोन्ही एकाच गल्ल्यात टाकायचा. त्याला तांब्याशी मतलब.

बॅग्नॉल मालक राजाच्या बाजूचे. त्यांनी एबलकडून फाशीची चकती करून घेतली. एका अंगाला फासावर लटकणारा बंडखोर आणि भोवती शब्द, ‘चर्च आणि राजासाठी’. मालक तिच्यावर इतके खूश झाले की फासाच्या खांबाखाली एबलच्या नावाची दोन अक्षरं त्यांनी मुद्दाम घालायला लावली. राजनिष्ठ मंडळींच्या जेवणात ती चकती वाटली गेली, एबलला आत बोलावून त्याच्या हातात बिअरचा पेला दिला गेला. तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा काहीतरी कडू खाल्ल्यासारखा होता.

त्याच वर्षी टँडी नावाच्या पुस्तकवाल्यानं दुसरी चकती मागितली. तिच्यावर एक मेंढी, आणि तिला कातरणारे दोघे. एकाच्या डोक्यावर मुकुट, दुसऱ्याच्या डोक्यावर बिशपची टोपी. भोवती लिहिलेलं, ‘कातरणारे दोन, मेंढी एक’. मालकांनी तेही काम घेतलं, फक्त बाहेर बोलायचं नाही एवढं बजावलं. त्यांची राजनिष्ठा रविवारची. सोमवारपासून धंदा.

एबल दर मंगळवारी टँडीच्या दुकानात वाचन ऐकायला जायचा. फासावरचा माणूस त्यानं चार दिवसांत उरकला होता, मेंढीला तीन आठवडे घेतले. या ठशावर त्याचं नाव नव्हतं, पण जीव त्यात होता. मेंढीचा डोळा बघून मी म्हणाले, “दादा, ही अगदी आपल्या वहिनीसारखी बघते.”

केझायावहिनी चुलीपाशी होती. ती म्हणाली, “मग कातरणाऱ्यांना तुम्हा भावाबहिणीची तोंडं द्या. जमेल.”

आम्ही खूप हसलो होतो त्या दिवशी. ठशात अक्षरं ठोकायला एबलकडे पोलादी खिळ्यांची एक पेटी होती, एका अक्षराला एक खिळा. त्यातल्या ‘आर’ची तंगडी टोकाशी तुटली होती. छापताना मला ते दिसायचं आणि मी त्याला चिडवायची, तुझा लंगडा आला बघ. तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात नवा करतो.

मग सतराशे चौऱ्याण्णव साल उजाडलं आणि लंडनमध्ये धरपकड सुरू झाली. सभेला गेलेला, पुस्तक विकलेला, कुणाच्या यादीत नाव असलेला, कुणालाही उचलत होते आणि खटला न चालवता कोंडून ठेवत होते. टँडीनं शरद ऋतूतच दुकानाला कुलूप लावलं आणि अमेरिकेचं जहाज गाठलं. त्यानं मागवलेल्या मेंढ्यांची दोन पिंपं कारखान्यात तशीच पडून राहिली.

शहाण्या माणसानं ती वितळवली असती. पण त्या जानेवारीत अशी थंडी पडली की कालवे गोठले, कोळशाच्या नावा बर्फात अडकल्या आणि भट्टी पेटवणं परवडेना. एका शनिवारी मालकांनी आम्हा बायकांचा पगार त्या पिंपांतूनच दिला. आमच्यातली हेप्सी ॲप्रनखाली मूठ झाकत म्हणाली, “चला, आज कळप घेऊन घरी.” आम्हीही हसलो. अर्धी पेनी ती अर्धी पेनी, आम्हाला काय त्याचं.

सोमवारी मी गॉस्लिंगच्या दुकानात पावाला गेले. गॉस्लिंग मला लहानपणापासून ओळखत होता. त्यानं चकती हातात घेतली, उलटी केली आणि तिला महारोग झाल्यासारखी सुरीच्या टोकानं माझ्याकडे सरकवली. चर्चच्या दारावर नोटीस लागली होती म्हणाला, राजद्रोही चकती घेणाराही तितकाच गुन्हेगार.

“थर्झा, मला बायको आहे, पोरं आहेत,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “हे उचल. आणि तू इथे आली होतीस हे विसर.”

त्या आठवड्यात आमच्या गल्लीत चुली जेमतेम पेटल्या. प्रत्येकीच्या घरी आठवड्याचा पगार होता आणि त्यावर पावाचा तुकडाही मिळत नव्हता. मालकांकडे बदलून मागायला गेलेल्या दोघींना त्यांनी हाकलून लावलं. कुणी बटाट्याची सालं उकडली. कुणी अंगावरची शाल विकली. आणि कुठल्याशा दुकानदारानं भीतीपोटी मूठभर मेंढ्या नेऊन दंडाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवल्या.

एबलला मी सोमवारीच सगळं सांगितलं होतं. मेंढीचा ठसा आणि खिळ्यांची पेटी त्यानं पोत्यात घातली आणि नावाड्यांनी पाण्यासाठी बर्फात पाडलेल्या भोकातून कालव्यात सोडून दिली. ती पेटी आमच्या वडिलांची होती.

कारखान्यात शिपाई आले तेव्हा मालकांचं उत्तर तयार होतं. टँडीनं पिंपं छापूनच आणली, आपण फक्त जागा दिली, आत काय आहे ते पाहिलं नाही, आणि पगारात ती गेली ही मुकादमाची चूक. आम्हाला आधीच ताकीद मिळाली होती. कुणी विचारलं तर इथे छापलेली नाही. आम्ही सगळ्यांनी माना खाली घालून तेच सांगितलं. न सांगून करतो काय? आमच्याच हातांनी ठोकली होती ना ती.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं लापशी खात असताना दोन शिपाई घरात शिरले. टँडीच्या दुकानात मंगळवारच्या मंडळींची यादी सापडली होती, तीत एबलचं नाव होतं, आणि एबल ठसे कोरतो हे गावाला ठाऊक. त्यांनी गाद्या फाडल्या, फरशी उचकटली. काही मिळालं नाही. तरी त्याला घेऊन गेले. वहिनीला सातवा महिना लागला होता. तिनं त्याचा गळपट्टा उचलला आणि ती त्यांच्या मागे रस्त्यावर धावली. तो गळपट्टा हातात घेऊनच परत आली.

गावची कोठडी जमिनीच्या खाली होती. भिंतींना पाणी सुटलेलं, ते जमिनीवर साचून गोठलेलं. आठवड्यातून एकदा भेटता यायचं आणि तेही पहारेकरी शेजारी उभा असताना. पहिल्या भेटीत एबल गजांपाशी आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

“घरी जा दोघी,” तो म्हणाला. “गप्प बसा. कुणाकडे जाऊ नका, कुणाला काही सांगू नका, काही दाखवू नका. थर्झा, ऐकते आहेस ना? काही करायचं नाही. एवढंच करायचं.”

मी म्हणाले, “दादा, तू इथे मरशील.”

“मरत नाही. तू गप्प बस.”

पहारेकरी ऐकत होता म्हणून तो याहून जास्त बोलू शकत नव्हता. आज हे मला लख्ख कळतं. त्यांच्याकडे पुरावा नव्हता. मेंढीचा ठसा कुणी कोरला हे सिद्ध करता आलं नसतं, तर चार-दोन महिन्यांत त्याला सोडावंच लागलं असतं. शिवाय ठसा त्याचा ठरला की तो कुठे छापला हा प्रश्न निघाला असता, आणि मग मी, हेप्सी, सगळ्याच. तो आम्हाला राखत होता. मला मात्र वाटलं, त्यानं हात टेकले. कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे, आणि मी सोडून आहे कोण?

तीन आठवड्यांत त्याचा खोकला जिन्यावरून ऐकू यायला लागला. वहिनीनं पलंग विकला, मग खुर्च्या. ती जमिनीवर झोपायची आणि सकाळी उठताना भिंत धरून उठायची. एके सकाळी तिला उठताच येईना. मी तिला धरून उभी केली तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, “थर्झा, काहीतरी कर गं.” तिनं एवढंच म्हटलं. काय कर, ते तिनं सांगितलं नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते.

आधी मी मालकांकडे गेले. माझं मागणं साधं होतं. फाशीची चकती एबलनं कोरली, राजासाठी कोरली, एवढं त्यांनी दंडाधिकाऱ्यांना सांगावं. बॅग्नॉल मालक शेगडीपाशी हात शेकत उभे होते.

“मी त्याची बाजू घेतली तर लोक विचारतील, बॅग्नॉल, तू त्याला इतका कसा ओळखतोस,” ते म्हणाले. “तुला काम हवंय ना, पोरी? मग जा कामावर.”

मालक बोलत नसतील तर चकती बोलेल, असं मी ठरवलं. घरात कपाटावर तिची एक प्रत होती, जेवणाच्या दिवशी एबलला दिलेली, चकचकीत. त्यावर त्याच्या नावाची अक्षरं होती. बंडखोराला फासावर चढवणारा माणूस स्वतः बंडखोर कसा असेल? मला यात कुठे भोक दिसेना. मी डोकं विंचरलं, वहिनीची बरी टोपी घातली आणि भर दुपारी दंडाधिकाऱ्यांच्या घरी गेले. तासभर त्यांच्या स्वयंपाकघराच्या बोळात उभी राहिले. आत मटण भाजत होतं. त्या वासानं मला घेरी आली होती, एवढं आठवतं.

साहेब वयस्कर होते आणि वाईट नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी चकती पुढे ठेवली आणि पाठ करून आणलेलं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून खांबाखालची अक्षरं वाचली आणि मान हलवली. खरंच की, म्हणाले. मला ही ठाऊक आहे. मीही त्या जेवणाला होतो. माझ्या छातीवरचा दगड उतरला. आता वहिनीला काय सांगायचं याचे शब्दही मी मनात जुळवले.

खिडकीपाशी त्यांचा कारकून लिहीत बसला होता, बारीक, चाळिशीचा माणूस. तेव्हा अशा चकत्या जमवायचं वेड पुष्कळांना होतं. त्यालाही होतं. त्यानं ती जरा बघायला मागितली. खणातून भिंग काढलं. मग दुसऱ्या खणातून एक मेंढी काढली आणि दोन्ही उजेडात शेजारी शेजारी धरल्या. त्याचा चेहरा एखादं कोडं सुटल्यासारखा खुलला. त्यात दुष्टपणा नव्हता, हेच मला आजही सहन होत नाही.

“साहेब,” तो म्हणाला, “हा ‘आर’ बघा. आणि हा इकडचा. दोन्हींची तंगडी एकाच जागी तुटलीय. एकाच खिळ्यानं ठोकलेत.”

साहेबांनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मी उठून उभी राहिले. तो लंगडा मी दिवसाला हजारदा पाहिला होता. त्यावरून भावाला चिडवलं होतं. आणि घरून इथवर येईपर्यंत तो मला एकदाही आठवला नव्हता.

मी म्हणाले, खिळे तर कुणाकडेही असतात. विकत मिळतात. चोरीला जातात.

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. “मुली, तू हे का आणलंस?”

“तो राजाचा माणूस आहे हे दाखवायला, साहेब.”

“राजाचा आहे की नाही, देव जाणे,” ते म्हणाले. “तोच माणूस आहे, एवढं मात्र तू दाखवलंस.” मग थांबून त्यांनी विचारलं, “कोरली त्यानं. छापली कुणी?”

मी छापली, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ते शब्द जिभेवर होते. पण मी म्हणाले, “मला माहीत नाही.” ती चकती त्यांनी ठेवून घेतली.

बाहेर लख्ख ऊन होतं आणि छपरांवरून बर्फ ठिबकत होतं. घरी जाऊन मी वहिनीला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती भिंतीला टेकून बसली होती. ऐकून झाल्यावर तिनं माझ्या डोक्यावरची तिची टोपी काढून घेतली, मांडीवर ठेवून तिच्या नाड्या नीट गुंडाळल्या. मग म्हणाली, “जा इथून.”

मी हेप्सीच्या माळ्यावर राहायला गेले.

मार्चमध्ये जिल्ह्याच्या गावी खटला उभा राहिला. वीस मैल चालत मी गेले आणि मागे गर्दीत उभी राहिले. ज्युरीतल्या पंचांच्या या हातातून त्या हातात दोन्ही चकत्या आणि भिंग फिरलं. फाशीची चकती त्याच्या बहिणीनंच आणून दिली, असं कारकुनानं सांगितलं, तेव्हा एबलला कळलं पुरावा कुठून आला. त्यानं गर्दीत नजर फिरवली, मला शोधून काढलं. क्षणभर बघितलं आणि नजर वळवली. मग तो उभा राहून म्हणाला की ठसा त्यानंच कोरला, घरी कोरला, आणि टँडीच्या तळघरात एकट्यानंच हातोड्यानं सगळ्या चकत्या छापल्या. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही.

न्यायाधीशांनी विचारलं, दोन पिंपं? हातोड्यानं?

“वेळ होता,” एबल म्हणाला.

लोक हसले. मालक पहिल्या बाकावर होते, त्यांच्या खांद्यांतला ताण मला पाठीमागून सैल होताना दिसला. शिक्षा झाली दोन वर्षं तुरुंग, आणि त्याआधी बर्मिंगहॅमच्या बाजारात एक तास खोड्यात.

खोडा म्हणजे काय, ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. मान आणि मनगटं फळीत अडकवतात आणि माणसाला गर्दीच्या हवाली करतात. अंडी मारतात, चिखल मारतात, आणि गर्दी तापली तर दगड. डोळा गेलेले, जीव गेलेले मला ठाऊक होते. चार वर्षांपूर्वी याच गावात राजाच्या नावानं लोकांनी घरं जाळली होती. आताही दारूच्या गुत्त्यांत फुकट बिअर वाटून माणसं गोळा करताहेत, असं कानावर आलं. कोण वाटत होतं हे मला माहीत नाही.

मी घरोघर फिरले. ज्या ज्या बायकांनी मेंढी छापली होती त्या प्रत्येकीच्या दारात गेले. मागणं एकच, गुरुवारी दुपारी येऊन खोड्याभोवती उभ्या राहा. बायकांना मारताना लोक जरा तरी विचार करतील. पण मालकांनी सांगून ठेवलं होतं, गुरुवारी दुपारी जी यंत्रावर नसेल तिनं शुक्रवारी यायची तसदी घेऊ नये. कुणी दार लावून घेतलं. कुणी रडली. एकजण म्हणाली, तुझ्याच तोंडानं त्याला अडकवलंस, आता आमच्या पाठी कशाला लागतेस? मी म्हणाले, तुझं खरं आहे, तरी ये.

हेप्सीनं निरोप म्हणून फक्त एवढंच सांगितलं, “मला तीन पोरं आहेत, थर्झा.”

गुरुवारी मी एकटीच गेले. त्याला खोड्याच्या लाकडी फलाटावर चढवलं, फळी मिटली. मी फलाटाच्या पायऱ्यांपुढे गर्दीकडे तोंड करून उभी राहिले. पहिलं अंडं माझ्या कानावर फुटलं. पुढच्या रांगेतल्या पुरुषांच्या हातात गोठलेले सलगम होते, दगडासारखे. मी डोळे मिटले नाहीत.

मग डाव्या बाजूनं गर्दी हलली. त्या आल्या होत्या, कामाच्या ॲप्रनसकट, तोंडावर तांब्याची भुकटी तशीच. हेप्सी पुढे. एकोणीस जणी होत्या. त्यांनी फलाटाभोवती कडं केलं.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “आला बघा मेंढ्यांचा कळप!”

“आला ना,” हेप्सी म्हणाली. “जवळ ये, शिंगं दाखवते.”

थोडे लोक हसले. त्या हसण्यानं गर्दीचा जोर जरा ओसरला. तरी पाऊण तास चिखल येत राहिला, सलगम आले, एक दगड आला तो हेप्सीच्या भुवईवर लागला. रक्त डोळ्यात उतरलं तरी तिनं हात वर नेला नाही, कारण दोन्ही हातांनी तिनं शेजारणींना धरलं होतं. माझ्या मागे, डोक्याच्या वर, एबल खोकत होता. मी तासभर तो खोकला ऐकला. तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. घड्याळात एक वाजला आणि त्याला जिवंत खाली उतरवलं.

शुक्रवारी आम्हा वीसही जणींना कारखान्याचं फाटक बंद होतं. महिन्याभरानं हात कमी पडले म्हणून मालकांनी बाराजणींना परत घेतलं. मला आणि हेप्सीला नाही. मी शवपेट्यांच्या कड्या घासायचं काम धरलं. वहिनीला मुलगी झाली, टॅमसिन. मला शेजारणीकडून कळलं. पाव मिळाला की त्यातला अर्धा मी फडक्यात बांधून तिच्या उंबऱ्यावर ठेवायची. फडकं दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी करून तिथेच ठेवलेलं असायचं. दार उघडलं नाही. दोन वर्षं असं चाललं. ती दर महिन्याला मुलीला पाठीवर बांधून वीस मैल तुरुंगात जायची. एबलनं माझ्याबद्दल विचारलं का, हे मला कधी कळलं नाही.

सुटकेच्या आदल्या दिवशी वहिनी हेप्सीच्या माळ्याच्या जिन्यावर आली. वर नाही आली, पायरीवरच थांबली. टॅमसिनला गोवर होता, अंगात सणसणून ताप.

“मला तिला सोडून जाता येत नाही,” ती म्हणाली. “तू जा त्याला आणायला.”

मी त्याच संध्याकाळी निघाले, रात्रभर चालले. तुरुंगाच्या फाटकातून जो बाहेर आला तो माझा चौतीस वर्षांचा भाऊ आहे हे ओळखायला मला वेळ लागला. पाठ वाकलेली, केस पांढरे, आणि डोळे लाल. उजेडात ते सारखे पाणावत होते. मी हातातली काठी दिली, त्यानं घेतली. आम्ही चालायला लागलो. पाच-सहा मैल मागे पडले.

शेवटी मीच म्हणाले, “दादा, तू मला गप्प बस म्हणाला होतास.”

“हो.”

“मी बसले नाही.”

“हो.” तो चालत राहिला. मग म्हणाला, “तिथे आत पहिलं वर्षभर मी रोज तुला शिव्या दिल्या. मग एक दिवस विसरलो. मग पुन्हा आठवलं की पुन्हा दिल्या.”

“आणि आता?”

“आता मला माहीत नाही, थर्झा. माफ केलं म्हणालो तर खोटं होईल, नाही म्हणालो तरी खोटं होईल. माझे पाय दुखताहेत. जरा बसू.”

आम्ही कुंपणाच्या कडेला बसलो. मी चीज आणि पाव काढला. पाव तोंडापर्यंत नेताना त्याची बोटं थरथरत होती, नेम चुकत होता. मी तुकडे करून त्याच्या तळहातावर ठेवत गेले. त्यानं खाल्ले. हेप्सीच्या भुवईबद्दल त्यानं विचारलं, व्रण राहिला का. मी म्हणाले, राहिला. त्यानंतर त्यानं माझा खांदा धरला आणि उठला, आणि पुढचं सगळं अंतर तो खांदा त्यानं सोडला नाही. आधाराला धरला होता. मी त्याचा जास्त अर्थ लावत नाही.

दिवस मावळायच्या आत आम्ही गल्लीत शिरलो. वहिनी दारात उभी होती. मुलीचा ताप उतरला होता, ती आईच्या परकराला धरून या म्हाताऱ्याकडे बघत होती. एबलनं काठी भिंतीला टेकवली आणि वहिनीच्या खांद्यावर कपाळ टेकलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, वाकलेला कणा बोटांनी चाचपत. मी गल्लीत उभी होते. निघावं म्हणून वळले.

“तू दोन्ही वेळा चालतच?” वहिनीनं विचारलं.

मी म्हणाले, हो.

तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं. एकाचा तळ सुटला होता, आतून रक्त आलं होतं. “बूट काढ ते,” ती म्हणाली. “पाणी तापवलंय. आधी त्याचे पाय धुते, मग तू धू.”

मी उंबऱ्यावर बसले आणि नाडी सोडायला लागले. गाठ ओली होऊन आवळली होती, सुटेना. टॅमसिन जवळ येऊन वाकून बघत राहिली.